राजाची मागणी आणि प्रवचनकारांची सोय
(१ शमुवेल ८ च्या प्रचलित विवरणाची चिकित्सा)

इस्राएलाने राजा मागितला या प्रसंगावर आपल्या मंडळ्यांतून जी प्रवचने होतात त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते. देव स्वतः राजा असताना लोकांनी मनुष्य राजा मागितला, म्हणजे देवास नाकारले. शमुवेलाने त्यांस राजाच्या जुलमाविषयी सावध केले, तरी ते हट्टास पेटले. आपणही पैसा, पुढारी व वशिला यांवर भिस्त ठेवतो, ती टाकून देवावर भरवसा ठेवावा. या मांडणीत खोटे असे काही नाही. ती अपुरी मात्र आहे, आणि नेमकी कोणत्या बाजूस अपुरी आहे हे पाहिले म्हणजे ती आम्हां धर्मगुरूंच्या किती सोयीची आहे हेही ध्यानात येते.

हे आमच्या ध्यानात आले ते सुरतेस. धुळे-नंदुरबारकडून येऊन उधना व लिंबायत भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत सेवा करणाऱ्या प्रचारकांचा तेथे तीन दिवसांचा अभ्यासवर्ग होता. आम्ही वर दिलेल्या पद्धतीनेच आठवा अध्याय उलगडून दाखविला. संपल्यावर एका प्रचारकांनी, जे आठवडाभर यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतात व रविवारी वचन सांगतात, विचारले, “साहेब, शमुवेलाचे मुलगे लाच खात होते असे तिसऱ्या ओवीत लिहिले आहे. मग लोकांनी करायचे तरी काय होते?” आम्हांस त्या वेळी उत्तर देता आले नाही. ‘साहेब’ हे संबोधन मिशनच्या काळापासून आपल्या जिभेवर बसले आहे. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

प्रश्न साधा आहे, आणि तो टाळूनच आपण बहुधा पाचव्या ओवीपासून प्रवचनास आरंभ करतो. मूळ कथा पहिल्या ओवीपासून आरंभ करते. शमुवेल वृद्ध झाला. त्याने योएल व अबीया या आपल्या मुलांस शास्ते नेमले. ते बैर-शेबा येथे बसत, लोभामागे गेले, लाच घेत व न्याय विपरीत करीत. यानंतरच वडील रामा येथे जमतात. त्यांचे पहिले वाक्य राजाविषयी नाहीच. तू म्हातारा झालास व तुझे मुलगे तुझ्या मार्गाने चालत नाहीत, असे ते शमुवेलाच्या तोंडावर सांगतात. सबंध अध्यायात या वाक्याचे खंडन कोणीही करीत नाही. शमुवेल करीत नाही, परमेश्वरही करीत नाही.

आता शब्दांकडे पाहू. राजा काय काय करील हे शमुवेल अकराव्या ओवीपासून सांगतो, तेव्हा हिब्रू पाठात ‘घेणे’ या अर्थाचे एकच क्रियापद चार वेळा येते. तो तुमचे पुत्र घेईल, कन्या घेईल, शेते व द्राक्षमळे घेईल, दासदासी व गाढवे घेईल. अनेक भाष्यकारांनी या पुनरुक्तीकडे लक्ष वेधले आहे. परंतु हेच क्रियापद अध्यायात त्याआधी एकदा येऊन गेले आहे, आणि ते तिसऱ्या ओवीत, शमुवेलाच्या मुलांनी लाच घेतली तेथे. ‘मिश्पात’ या शब्दाचेही तसेच. मुलांनी जो विपरीत केला तो मिश्पात, म्हणजे न्याय. आणि राजाची जी रीत शमुवेल लोकांस ऐकवितो तिलाही मिश्पात हाच शब्द आहे. राजाच्या घेण्याआधी शास्त्यांचे घेणे आहे. मागे दुसऱ्या अध्यायात गेलो तर एलीच्या मुलांचा सेवक तीन दातांचा काटा हंड्यात खुपसून मांस काढतो आणि जे वर येईल ते याजक घेतो. तेथेही तेच क्रियापद आहे. शमुवेलाच्या पुस्तकात घेणे सुरू होते ते वेदीपाशी. राजवाडा त्यानंतर येतो.

म्हणून लोक मनुष्य राजा का पसंत करतात याचे एक उत्तर हा ग्रंथ स्पष्टपणे देतो, आणि ते आपण व्यासपीठावरून सांगत नाही. देवाचे राज्य लोकांस प्रत्यक्ष दिसते ते देवाच्या नावाने बसणाऱ्यांच्या वागण्यात. तेथे लाच चालली की अदृश्य राजाविषयीचा भरवसा ढासळतो, आणि लोक म्हणू लागतात की यापेक्षा डोळ्यांना दिसणारा, ज्याला जाब विचारता येईल असा राजा बरा.

परंतु येथेच थांबलो तर उलट बाजूची चूक होईल. तक्रार खरी होती म्हणून मागितलेला उपाय खरा ठरत नाही. वडिलांना दुसरा मार्ग होता. नगरोनगरी न्यायाधीश नेमावे आणि त्यांनी लाच घेऊ नये, हा नियम अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात आहे. योएल व अबीया यांस काढून टाक, असे ते म्हणू शकले असते. ते तसे म्हणत नाहीत. आणि यात एक विलक्षण विसंगती आहे. गाऱ्हाणे काय, तर बापाचे पद मुलांकडे गेले आणि मुले बिघडली. मागितले काय, तर जी गादी रीतीप्रमाणे बापाकडून मुलाकडेच जाते ती! गिदोनाने हा धोका ओळखून मी किंवा माझा मुलगा राज्य करणार नाही असे सांगितले होते (शास्ते ८). तरी त्याचा मुलगा अबीमलेख शखेमात राजा झालाच, आणि झाडांनी अखेर काटेरी झुडपाला राजा केल्याची योथामाची कथा त्याच्याच राज्यारोहणावरची आहे.

वडिलांच्या मनात मुलांची तक्रार हेच एकमेव कारण नव्हते, हे विसाव्या ओवीत उघड होते. शमुवेलाचा इशारा ऐकल्यावर ते मुलांचे नावही काढत नाहीत. इतर राष्ट्रांसारखे आम्ही व्हावे, राजाने आमच्यापुढे चालावे व आमच्या लढाया लढाव्या, असे ते म्हणतात. बाराव्या अध्यायात शमुवेल आणखी एक कारण सांगतो, ते अम्मोनी राजा नाहाशाचे भय. ते भय काल्पनिक नव्हते. याबेश-गिलादच्या लोकांचे उजवे डोळे काढण्याची त्याची अट अकराव्या अध्यायात आहे. अशा माणसांना ‘भिऊ नका, विश्वास ठेवा’ म्हणणे प्रवचनकारास सोपे असते. पण पुढे चालणारा राजा हवा, या मागणीत भयाहून आणखी काही आहे. चौथ्या अध्यायात पलिष्ट्यांपुढे हार खाल्ल्यावर याच इस्राएलाच्या वडिलांनी कराराचा कोश रणांगणावर आणविला होता, तो आपल्यामध्ये आला म्हणजे आपणांस सोडवील या समजुतीने. कोश गेला, एलीचे दोन्ही मुलगे पडले. त्या दिवशी देवाला जे काम सांगितले गेले तेच काम आता राजाला सांगितले जात आहे. यावरून आम्हांस असे वाटते की लोकांनी देवास सोडून राजा धरला असे म्हणणे अर्धवट आहे. त्यांनी देवाकडेही आधीपासून राजाच मागितला होता. आपण मागे राहावे व त्याने पुढे होऊन आपले ओझे उचलावे, एवढ्यापुरता. तसा देव मिळाला नाही, तेव्हा तसा मनुष्य मागितला.

पाश्चात्त्य टीकाशास्त्राने या अध्यायांची जी फोड केली तिच्याविषयी थोडेच लिहितो. वेलहाउझेनपासून अभ्यासकांनी येथे दोन धागे वेगळे केले. अध्याय ८ व १२ राजसत्तेस प्रतिकूल व उत्तरकालीन. अध्याय ९ व ११ अनुकूल व प्राचीन. पुढे मार्टिन नोथ यांनी संपादकाचा हात अधिक बारकाईने दाखविला. हे काम उपयुक्त आहे. परंतु धागे वेगळे केल्यावर पुष्कळजण वस्त्र पाहावयाचेच विसरतात. ज्याने हे अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्याला विसंगती दिसत नव्हती असे मानण्यास आधार नाही. देव मागणीला नकार म्हणतो आणि ती पुरीही करतो. लोकांचे ऐक, असे तो शमुवेलास पुनःपुन्हा सांगतो. ही गुंतागुंत दोन लेखकांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही.

ज्या शहरात तो प्रश्न विचारला गेला त्याच शहराचा इतिहास या अध्यायाचे एक उत्तम भाष्य आहे. सुरतेची लूट मराठी माणूस स्वारी करणाऱ्यांच्या बाजूने सांगत आला आहे. आपण ती एकदा शहराच्या आतून पाहू. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज गणदेवीपर्यंत आल्याची बातमी सुरतेस पोहोचली, तेव्हा साम्राज्याच्या या अत्यंत श्रीमंत बंदरास तटबंदी नव्हती. सुभेदार इनायतखान हा शहराचा रक्षक. जदुनाथ सरकारांनी नमूद केले आहे की तो खजिन्यातून पाचशे शिपायांचा पगार घेई, पण शिपाई ठेवीत नसे. शहरावर संकट येताच तो किल्ल्यात जाऊन बसला. धनिकांनी किल्लेदारास पैसे चारून आत जागा मिळविली. ज्यांच्यापाशी पैसे नव्हते त्यांनी तापी ओलांडली किंवा रानोमाळ पळ काढला. विरजी व्होरासारख्या सावकाराचा वाडाही वाचला नाही. लढाया लढण्यासाठी ठेवलेला मनुष्य दाराला अडसर लावून बसला, आणि त्या दाराआड जाण्यासाठीही लाच द्यावी लागली.

त्या चार-पाच दिवसांत दोन ठिकाणे सुरक्षित राहिली म्हणून सांगतात. इंग्रजांची वखार जॉर्ज ऑक्सेंडन याने माणसे व शस्त्रे जमवून राखली. आणि कापुचिन संघाचे फादर अँब्रोज यांच्या मठास महाराजांनी धक्का लागू दिला नाही, असे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे. यावरून ‘पाद्र्यांनी देवावर भरवसा ठेवला म्हणून ते वाचले’ असा दृष्टांत एका प्रवचनात आम्ही ऐकला होता. तो वापरू नये. वखार बंदुकांनी वाचली, मठ स्वारी करणाऱ्याच्या आदराने वाचला, आणि ज्यांची घरे जळाली त्यांतही त्या रात्री हात जोडणारे होतेच. शास्त्र अशा हिशेबास दुजोरा देत नाही.

लुटीनंतर शहराने काय मागितले? तट मागितला. औरंगजेबाच्या आज्ञेने तो उभा राहू लागला. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज दुसऱ्यांदा आले, तेव्हा तटावरील शिपाई थोड्याशा प्रतिकारानंतर किल्ल्याकडे पळाले. पुढे अठराव्या शतकात किल्ला व आरमार सिद्दीकडे, शहर नवाबाकडे आणि उत्पन्नात मराठ्यांचा वाटा, अशी ओढाताण झाली. कंटाळलेल्या प्रमुख व्यापाऱ्यांनी इंग्रज कंपनीसच किल्ला घेण्याविषयी विनविले, आणि मार्च १७५९ मध्ये कंपनीने तो घेतला. १८०० साली नवाबास वेतन ठरवून सर्व कारभारच तिने आपल्याकडे घेतला. रामा येथे जमलेल्या वडिलांत व या व्यापाऱ्यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही. गाऱ्हाणे खरे, भय खरे, आणि उपाय म्हणून पुढे चालणारा एक बलवान. घेणे पुढे आलेच. १८४४ मध्ये मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांचा एक रुपया झाला, आणि ऑगस्टच्या अखेरीस सुरतेचे लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले. सरकारने तो बारा आण्यांवर आणला. १८७८ च्या एप्रिलात परवाना कराविरुद्ध पुन्हा दंगल झाली. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्तानात ऑक्सेंडन बंधूंची घुमटांची प्रचंड समाधी आजही उभी आहे. व्यापारासाठी आलेल्या माणसांनी मरणोत्तर राजेपण कसे पांघरले ते पाहावयाचे असेल तर प्रचारकांनी तेथे एकदा जावे.

येथे कोणी असे समजू नये की आम्ही सर्व राजे एकाच मापाने मोजत आहोत. शास्त्रही मोजत नाही. अनुवाद १७ राजास मनाई करीत नाही. त्याने घोडे, बायका व सोनेरुपे वाढवू नये, आणि नियमशास्त्राची प्रत आपल्यापाशी ठेवून रोज वाचावी, असे म्हणते. म्हणजे राजाची पारख तो काय घेतो यावरून. शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील लष्करी अंमलदारांना गेलेले पत्र मराठी वाचकांस परिचित आहे. रयतेकडून दाणा-वैरण, भाजीपाला उपटून घेऊ नका, नाही तर मोगल बरे असे लोक म्हणतील, असा त्याचा आशय. घेण्याला आवर घालणारा राजा असतो, आणि जनता त्याला शतकानुशतके विसरत नाही. पण त्या पत्रातही आपलेच सैन्य घेईल ही भीती आहेच. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. तेथे सेवक हा शब्द आहे हे वाचताना आपण फार लवकर पुढे सरकतो.

मराठीत एक जुनी म्हण आहे: राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागावी? बारावा अध्याय वाचताना आम्हांस ती हटकून आठवते. राजा मिळाल्यावर गव्हाच्या कापणीच्या दिवसांत शमुवेल प्रार्थना करतो, मेघगर्जना होते व पाऊस पडतो. उभे पीक आणि अवेळी पाऊस. धुळ्याच्या शेतकऱ्यास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आठव्या अध्यायात शमुवेलाने सांगितलेच होते की निवडलेल्या राजामुळे तुम्ही ओरडाल त्या दिवशी उत्तर मिळणार नाही. परंतु बाराव्या अध्यायात लोक ओरडतात आणि उत्तर मिळते. भिऊ नका, असेच शमुवेल म्हणतो. आपली म्हण जेथे थांबते तेथे कथा थांबत नाही.

आता ‘साहेब’ या शब्दाकडे. ‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग अर्जांत व कचेऱ्यांत रुळलेला. त्याच्याच जोडीने आपल्या समाजात ‘मायबाप मिशन’ उभे राहिले. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ गुजरातेत व खानदेशात ज्यांच्या आजा-पणजांनी भोगला त्यांच्या तोंडी त्या शब्दात कृतज्ञता होती, आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या पिढीस नाही. परंतु शाळा, नोकरी, दवाखाना, लग्न व भाऊबंदकीतील तंटा या सर्वांसाठी साहेबांच्या बंगल्याकडे पाहण्याची जी सवय लागली ती साहेब गेल्यावर राहिली. बंगल्यात माणूस बदलला, एवढेच. नारायण वामन टिळकांना हे उमगले होते असे वाटते. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास जो शिष्यमेळा आरंभिला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोन्ही होते, त्याला नाव दिले ‘देवाचा दरबार’. दरबार म्हटला म्हणजे सिंहासन आलेच. ते कोणाचे हे नावातच सांगून टाकलेले. १९१९ मध्ये टिळक वारले आणि त्यांच्या पश्चात तो मेळा फार काळ टिकला नाही. इतका तो एका माणसाच्या तेजावर उभा होता, हेही आठव्या अध्यायाच्या वाचकाने नोंदवावे.

आजचे उदाहरण दूर शोधावयास नको. सुरतेच्या उत्तरेस अंकलेश्वर व दक्षिणेस वलसाड या पट्ट्यात ब्रदरन मंडळीचे जुने कार्य आहे. १९७० साली नागपुरास उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तिच्यात हे कार्य कायद्याने विलीन झाले किंवा नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ मध्ये न्यायालयाने अशा प्रश्नांचा निर्णय सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील अधिकाऱ्यांकडे आहे असे ठरविले. २०१३ मध्ये विलीनीकरणाचाच प्रश्न त्याच्यापुढे येऊन निकाल झाला. कोणता पक्ष बरोबर याची चर्चा येथे करावयाची नाही, आणि न्यायालयात जाणारे सारे अविश्वासू असेही आम्ही म्हणत नाही; करिंथकरांस पत्राचा सहावा अध्याय त्यांनीही वाचलेला आहे. मंडळीतील माणसे धर्मादाय आयुक्तांच्या दारी जातात, तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे बैर-शेबा असते. हिशेब विचारले असता मिळाले नाहीत, जमीन कोणी विकली ते कळले नाही, बापाचे पद मुलाकडे किंवा जावयाकडे गेले. अशा लोकांपुढे उभे राहून ‘तुम्ही देवाला सोडून मनुष्याकडे न्याय मागता’ असे सांगणारा धर्मगुरू शमुवेलाची भूमिका घेतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो योएलाच्या आसनावरून बोलत असतो.

शमुवेलानेही हे पूर्ण पचविले होते काय, याविषयी आम्ही साशंक आहोत. बाराव्या अध्यायात तो सर्व इस्राएलापुढे आपला हिशेब देतो. मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच घेतली? लोक साक्ष देतात की त्याने काही घेतले नाही. पुन्हा तेच ‘घेणे’ हे क्रियापद, या वेळी नकारार्थी. असा उघड हिशेब देणारा पुढारी दुर्मिळच. तथापि दुसऱ्या ओवीत तो जाता जाता म्हणतो की माझे मुलगे तुमच्याबरोबर आहेत, आणि पुढे त्यांच्याविषयी अवाक्षर नाही. स्वतःच्या बैलांचा हिशेब दिला. बैर-शेबाचा दिला नाही. अत्यंत प्रामाणिक सेवकाचीही नजर जेथे अडखळते ते स्थळ ग्रंथकाराने लपविलेले नाही.

अभ्यासवर्गाच्या शेवटच्या दिवशी आम्ही त्या प्रचारकांस एवढेच सांगितले की वडिलांनी तक्रार करावयासच हवी होती, आणि ती योग्य माणसापुढे, योग्य शब्दांत केलीही होती. चूक पुढल्या वाक्यात झाली. त्यांनी मान डोलावली, पण त्यांचे बोट पवित्र शास्त्रात दुसऱ्याच ठिकाणी होते. ते १ इतिहासाचा सहावा अध्याय चाळीत होते. मंदिरातील गायनसेवेवर दावीदाने ज्यांस नेमले त्यांत हेमान गवई आहे, आणि त्याच्या वंशावळीत लिहिले आहे की तो योएलाचा मुलगा व शमुवेलाचा नातू. “हा तोच योएल का, साहेब?” त्यांनी विचारले. आम्ही होय म्हणालो, आणि पंचविसाव्या अध्यायातील पाचवी ओवी त्यांस काढून दिली. तेथे याच हेमानास राजाचा द्रष्टा म्हटले आहे.